क्रोमबॉक्स घेताना प्रोसेसर किती ताकदीचा हवा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं गूगलच्या क्रोमओएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या छोट्या डेस्कटॉपसाठी आहेत, म्हणजे आसूस, एसर, एचपी, लेनोवोचे क्रोमबॉक्स. साध्या मिनी पीसीवर क्रोमओएस फ्लेक्स टाकून वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

प्रोसेसर नंतर बदलता येतो का?

नाही. क्रोमबॉक्समध्ये तो मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो. म्हणून खरेदीच्या दिवशी सगळ्यात जास्त विचार प्रोसेसरचा करायचा. रॅमचं तसं नाही. आसूसच्या २०१४ च्या पहिल्या क्रोमबॉक्सपासून क्रोमबॉक्स ५ पर्यंत लॅपटॉपच्या मापाच्या रॅमचे दोन स्लॉट दिलेले आहेत. जुन्यात डीडीआर३एल लागते, २०१८ च्या क्रोमबॉक्स ३ पासून डीडीआर४. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची जागा दुसरी घेत नाही.

हात आखडता असेल तर आमचा सल्ला सरळ आहे. इंटेलचा खालच्या दर्जाचा प्रोसेसर सेलेरॉन आणि ८ जीबी रॅम घेण्यापेक्षा त्याच्या वरचा आय३ आणि ४ जीबी घ्या, आणि जमेल तेव्हा रॅम वाढवा. उलटा मार्ग उपलब्ध नाही. फक्त घेण्याआधी स्पेकशीटमध्ये रॅमपुढे 'ऑनबोर्ड' लिहिलेलं नाही ना, ते बघा. तसं असेल तर रॅमही कायमचीच.

सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, सगळा डेटा क्लाउडवर. मग मशीनच्या प्रोसेसरला काम काय उरतं?

भरपूर उरतं. क्लाउडवर फाइल राहते. ती उघडणं, मांडणं, हलवणं हे तुमच्या टेबलावरच्या डब्यातच होतं. आजची वेबसाइट म्हणजे एक चालता प्रोग्रॅम असतो. पान येतं तेव्हा त्यासोबत आलेला जावास्क्रिप्टचा कोड तुमचा प्रोसेसर वाचतो, त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो आणि चालवतो. वर्तमानपत्राची साइट उघडल्यावर मजकूर लगेच दिसतो पण पान सरकवायला गेलं की दोनतीन सेकंद हलत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. त्या वेळात जाहिरातींचा आणि आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंचा कोड प्रोसेसरला अडवून बसलेला असतो.

गूगल शीट्सचं उदाहरण घ्या. शीटमधली आकडेमोड गूगलच्या सर्व्हरवर होते असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग ब्राउझरमध्येच होतो. २०२४ मध्ये गूगलने हे गणिताचं इंजिन जावास्क्रिप्टवरून वेबअसेंब्लीच्या (ब्राउझरमध्ये जलद चालणाऱ्या कोडच्या) नव्या प्रकारावर नेलं आणि क्रोममध्ये ते साधारण दुपटीने वेगवान झालं. तरीही हजारो ओळींवर व्हीलुकअप (तक्त्यातून माहिती शोधून आणणारं सूत्र) लावलेली शीट सेलेरॉनवर आणि आय५ वर उघडून पाहिली तर फरक घड्याळ न लावता कळतो.

सेलेरॉन, आय३, आय५, आय७ यांतला माझ्यासाठी कोणता?

आधी हातात येणाऱ्या दोन पिढ्या जवळून बघू, कारण नुसत्या नावांवरून काही ठरवता येत नाही.

आसूस क्रोमबॉक्स ४ च्या पिढीत, म्हणजे इंटेलच्या दहाव्या पिढीत, सेलेरॉन ५२०५यू मिळतो. त्याला २ कोर आहेत, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे दोन भाग. वेग १.९ गीगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरजेला वेग वाढवायची सोय, नाही. त्याच्या वरचा आय३-१०११०यू सुद्धा २ कोरचाच आहे, पण गरज पडली की एक कोर ४.१ गीगाहर्ट्झपर्यंत उसळी मारतो. कागदावर दोन्ही 'ड्युअल कोर', आणि पान उघडताना मात्र जमीनअस्मानाचा फरक. आय५-१०२१०यू मध्ये ४ कोर, ८ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारे कामाचे धागे) आणि ४.२ गीगाहर्ट्झपर्यंत वेग. आय७-१०५१०यू मध्येही ४ कोरच, वेग ४.९ पर्यंत.

क्रोमबॉक्स ५ बाराव्या पिढीचा आहे. त्यातला सेलेरॉन ७३०५ पाच कोरचा असल्याचं दुकानदार आवर्जून सांगतात. त्यात मोठा, म्हणजे ताकदीचा, कोर एकच आहे, बाकी चार लहान, कमी ताकदीचे. मोठ्या कोरचा वेग १.१ गीगाहर्ट्झ आहे आणि टर्बो इथेही नाही. आय३-१२२०पी मध्ये २ मोठे आणि ८ लहान असे १० कोर आहेत आणि वेग ४.४ गीगाहर्ट्झपर्यंत जातो. आय५-१२४०पी आणि आय७-१२६०पी या दोघांतही ४ मोठे आणि ८ लहान कोर. आय७ चा टर्बो ४.७ पर्यंत जातो आणि कॅश, म्हणजे चिपमधली जलद मेमरी, १२ ऐवजी १८ एमबी असते, मुख्य फरक एवढाच.

आता निवड. एकच ठरलेलं काम असेल, जसं की काउंटरवर एक वेब ॲप, वाचनालयातला शोध, दर्शनी भागातला माहितीचा पडदा, तर सेलेरॉन पुरतो. घरात किंवा ऑफिसात माणूस दिवसभर बसणार असेल, पंधरावीस टॅब, मेल, डॉक्स, मधूनच व्हिडिओ कॉल, तर आय३ आणि ८ जीबी. शंभरातल्या बहुतेकांचं काम इथे भागतं, आणि त्यांना त्याहून वरचं विकणं आम्हाला पटत नाही. आय५ घ्यायची कारणं ठोस असावीत: मोठ्या शीट्स, रोजचे लांब कॉल आणि त्याच वेळी स्क्रीन शेअर, दोन ४के मॉनिटर, लिनक्समध्ये प्रोग्रॅमिंग. आय५ वरून आय७ वर जाण्याने ब्राउझरच्या कामात क्वचितच काही हाती लागतं. ते पैसे रॅममध्ये घाला.

जुना आय७ स्वस्तात मिळतोय. नव्या आय३ पेक्षा तो बरा ना?

आयच्या पुढचा आकडा हा त्या पिढीपुरता दर्जा असतो. २०१४ च्या आसूस क्रोमबॉक्सच्या वरच्या मॉडेलमध्ये आय७-४६००यू होता. त्यात कोर दोनच, टर्बो ३.३ गीगाहर्ट्झ. वर सांगितलेला आय३-१२२०पी त्याला सहज मागे टाकतो, आणि व्हिडिओच्या बाबतीत तर तुलनाच नको. नाव वाचताना डॅशनंतरचा पहिला आकडा किंवा पहिले दोन आकडे म्हणजे पिढी. ४६०० मध्ये चौथी, १०११० मध्ये दहावी, १२२० मध्ये बारावी. शेवटचं अक्षर विजेचं गणित सांगतं: यू म्हणजे बहुधा १५ वॉट, बाराव्या पिढीतला पी म्हणजे २८ वॉट, जुन्या मिनी डेस्कटॉपमधला टी म्हणजे ३५ वॉट. सेलेरॉनच्या आकड्यांना हा नियम लागू पडत नाही. तिथे मॉडेल शोधूनच बघावं लागतं.

जास्त कोर चांगले की जास्त गीगाहर्ट्झ?

ब्राउझरसाठी आधी एका कोरचा वेग. एका टॅबमधलं जावास्क्रिप्ट मुख्यतः एकाच थ्रेडवर चालतं, त्यामुळे समोरचं पान किती चटकन उघडेल ते एक कोर किती वेगाने धावतो यावर ठरतं. कोरची संख्या उपयोगी पडते ती अनेक कामं एकत्र चालतात तेव्हा: कॉल चालू, मागे अपडेट उतरतंय, आठ टॅब स्वतःहून ताजे होतायत. २ कोरच्या खाली जाऊ नका. ४ असतील तर निश्चिंत.

थ्रेडच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये, याला एक जुना दाखलाही आहे. २०१९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरांमधल्या एका सुरक्षेच्या त्रुटीमुळे गूगलने क्रोमओएसच्या ७४ व्या आवृत्तीत हायपरथ्रेडिंग, म्हणजे एका कोरवर दोन थ्रेड चालवायची सोय, मुळातच बंद ठेवलं. ज्यांनी 'चार थ्रेड' बघून २ कोरचा प्रोसेसर घेतला होता त्यांच्याकडे दोनच उरले. खरे कोर कोणी काढून घेत नाही.

मशीन हळू चालतंय. दोष प्रोसेसरचा, रॅमचा की इंटरनेटचा?

हा प्रश्न नवं मशीन घ्यायच्या आधी विचारायचा, कारण निम्म्या तक्रारींत प्रोसेसर निर्दोष निघतो. तपासणी दहा मिनिटांची आहे.

मशीन चालू करून पाच मिनिटं थांबा. सुरुवातीला अपडेट आणि अँड्रॉइडची कामं मागे चालू असतात, तेव्हाचा आकडा खरा नसतो. मग नेहमीचे टॅब उघडा आणि सर्च (साध्या कीबोर्डवर विंडोजची कळ) व एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. 'सीपीयू' या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा टॅब वर येतो. इथे १०० म्हणजे एक कोर पूर्ण गुंतलेला, त्यामुळे आकडा १०० च्या वर गेला तर घाबरू नका. एखादा टॅब काही न करता ९० ते १०० वर चिकटून बसला असेल तर दोष त्या पानाचा किंवा एखाद्या एक्स्टेंशनचा आहे. तो बंद करून बघा.

रॅम कमी पडतेय याची खूण वेगळी असते. जुन्या टॅबवर परत गेलात आणि तो पहिल्यापासून लोड होऊ लागला, तर क्रोमने जागा करण्यासाठी तो टॅब टाकून दिला होता. शिवाय क्रोमओएस कमी पडलेल्या रॅममधला मजकूर दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, रॅममध्येच ठेवतं. हे दाबणं आणि पुन्हा उलगडणं प्रोसेसरच करतो. त्यामुळे ४ जीबीच्या मशीनवर वीस टॅब उघडले की प्रोसेसर दमलेला दिसतो आणि मूळ दुखणं रॅमचं असतं. अशा मशीनला आय७ लावूनही उपयोग नाही. ४ ची ८ केली की तेच मशीन पळू लागतं.

पान अर्धवट पांढरं राहतं, वर चक्र फिरतंय आणि टास्क मॅनेजरमध्ये आकडे मात्र दहाच्या आत आहेत, तर इंटरनेट बघा. क्रोमबॉक्सला मागे लॅनचं पोर्ट असतं. वायफाय सोडून केबल लावली की बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.

तिन्ही तपासून टॅब बदलताना, टाईप करताना, पान सरकवताना अडतच असेल आणि 'डायग्नॉस्टिक्स' ॲपमध्ये सीपीयूचा वापर सतत ८० टक्क्यांच्या वर असेल, तर प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणता येईल.

यूट्यूब अडखळतं. मोठा प्रोसेसर घेऊ का?

मोठा नको, नवा घ्या. व्हिडिओ उलगडण्याचं काम चिपमधला एक खास भाग करतो. त्याला तो व्हिडिओचा प्रकार येत असेल तर प्रोसेसर जवळपास मोकळा राहतो. येत नसेल तर सगळा भार कोरवर पडतो. यूट्यूब मुख्यतः व्हीपी९ आणि एव्ही१ हे प्रकार पाठवतं. इंटेलमध्ये व्हीपी९ ची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून आली. २०१४ च्या सेलेरॉन २९५५यू मध्ये दोन्ही नाहीत.

चालू व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडा. कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओच्या प्रकाराच्या, ओळीत एव्ही०१ की व्हीपी०९ ते दिसतं, आणि 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा आकडा सतत वाढत असेल तर मशीनला झेपत नाहीये. दहाव्या पिढीच्या मशीनवर एव्ही१ मुळे अडत असेल तर यूट्यूबच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकच्या विभागात जाऊन एव्ही१ फक्त कमी रिझोल्युशनपुरतं ठेवा.

मीट किंवा झूमच्या कॉलमध्ये पंखा जोरात फिरतो आणि आवाज तुटतो. का?

कॉलमध्ये मशीन एकाच वेळी तुमचं चित्र दाबून पाठवतं, दहाबारा जणांची चित्रं उलगडतं, आवाजातला गोंगाट काढतं आणि मागची भिंत धूसर करत असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते तेही शोधतं. ब्राउझरमधलं याहून जड रोजचं काम दुसरं नाही. गूगलने फेब्रुवारी २०१४ मध्ये मीटिंगसाठीचा क्रोमबॉक्स आणला तेव्हा त्यात सेलेरॉन न घालता आय७ घातला होता, तो याचसाठी.

सेलेरॉनवर कॉल करणं भागच असेल तर या क्रमाने भार कमी करा. मागची भिंत धूसर करणं बंद करा; सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. मग ग्रिडमधली माणसं कमी करून फक्त बोलणारा दिसेल असं ठेवा. मग व्हिडिओ सेटिंगमध्ये पाठवायचं रिझोल्युशन उतरवा. स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता एकच टॅब द्या. रोज तीनचार तास ऑनलाइन शिकवणाऱ्यांनी मात्र हे उपाय करत बसू नये. त्यांच्यासाठी आय३ किमान, आय५ योग्य.

दोन मॉनिटर किंवा ४के मॉनिटर लावायचाय.

४के मध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, आणि इथे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसतं. चिपमधलं ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतं. म्हणून ८ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावा. दोन्ही स्लॉट भरले की रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि खिडक्या हलवतानाचा अडखळा कमी होतो. हा बदल बिनखर्चाचा असूनही दुकानात क्वचितच कोणी सुचवतं. २०१४ च्या मॉडेलमधलं एचडीएमआय ४के वर ३० हर्ट्झच देतं, त्यावर माउसचा बाण ओढल्यासारखा दिसतो. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० हवं, आणि केबलही त्या दर्जाची.

लिनक्स आणि अँड्रॉइड ॲप चालवायची असतील तर?

दोन्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात. म्हणजे रॅमचा एक वाटा आधीच बाजूला जातो आणि कोरही वाटले जातात. साधा कोड एडिटर, पायथन, गिट एवढ्यासाठी आय३ आणि ८ जीबी. अँड्रॉइड स्टुडिओसाठी आय५ आणि १६ जीबीच्या खाली उतरू नका. सेलेरॉनवर लिनक्स चालू होतं, पण एखादा मोठा प्रोजेक्ट कंपाइल करायला लावल्यावर ब्राउझरही गोठतो.

एन१०० चा मिनी पीसी किंवा रिफर्बिश्ड छोटा डेल, एचपी घेऊन क्रोमओएस फ्लेक्स टाकलं तर?

चांगला पर्याय आहे, मर्यादा माहीत असतील तर. इंटेल एन१०० मध्ये ४ लहान कोर, ३.४ गीगाहर्ट्झपर्यंत वेग आणि ६ वॉटचा खर्च. एव्ही१ ची सोय आहे. रॅमचा रस्ता (चॅनेल) एकच. घरगुती वापराला तो सेलेरॉन ५२०५यू पेक्षा उजवा आहे. रिफर्बिश्डमध्ये आय५-८५००टी मिळाला तर घ्या, ६ कोर आहेत. आय५-६५००टी त्याहून स्वस्त मिळतो, पण सहाव्या पिढीत व्हीपी९ ची पूर्ण सोय नाही.

फ्लेक्सला इंटेल किंवा एएमडीचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १६ जीबी डिस्क लागते. मोबाइलमध्ये असतात तसले एआरएम प्रोसेसर चालत नाहीत. प्ले स्टोअर नाही, म्हणजे अँड्रॉइड ॲप नाहीत. घेण्याआधी गूगलच्या प्रमाणित मॉडेलच्या यादीत नाव आणि सपोर्ट संपण्याचं वर्ष बघा. मग ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह घेऊन क्रोममधल्या 'क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी' या एक्स्टेंशनने फ्लेक्स त्यावर उतरवा आणि इन्स्टॉल न करता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवा. वायफाय, आवाज, मॉनिटर, कॅमेरा तपासा. वेगाचा निवाडा मात्र पेनड्राइव्हवर करू नका, तो डिस्कपेक्षा हळू असतो. ॲड्रेस बारमध्ये क्रोम://जीपीयू हे इंग्रजीत टाकून 'व्हिडिओ डीकोड'पुढे 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड' येतंय का तेही बघा.

टॅली, डिजिटल सिग्नेचरचा टोकन, आधारचं अंगठ्याचं यंत्र यांसाठी कोणता प्रोसेसर?

कोणताच नाही. हा ताकदीचा प्रश्नच नव्हे. टॅली विंडोजवर चालतं. ई-टेंडर आणि जीएसटीसाठीच्या यूएसबी टोकनला लागणारे ड्रायव्हर क्रोमओएसवर टाकता येत नाहीत. सातबारा बघणं, फॉर्म भरणं, नेट बँकिंग ही कामं ब्राउझरमध्ये होतात; जिथे सहीचा टोकन किंवा बायोमेट्रिक यंत्र जोडावं लागतं तिथे विंडोजचं एक मशीन ठेवाच. सीएचं ऑफिस किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी हे खरेदीपूर्वी नीट लक्षात घ्यावं.

शाळेच्या लॅबसाठी तीस मशीन घ्यायची आहेत. सेलेरॉन चालेल?

चालेल, एका अटीवर. सगळ्यात जड क्षण तासाच्या सुरुवातीचा असतो: तीस मुलं एकदम लॉगिन करतात, प्रत्येकाचं प्रोफाइल तयार होतं, एक्स्टेंशन उतरतात. मुलं दर तासाला मशीन बदलत असतील तर ही पाच मिनिटं रोज जातात. प्रत्येक मुलाला ठरलेलं मशीन द्या म्हणजे प्रोफाइल आधीच तयार असतं, आणि सक्तीची एक्स्टेंशन मोजकी ठेवा. रॅम ४ नको, ८ घ्या. शिक्षकाच्या प्रोजेक्टरला जोडायचं मशीन मात्र आय३ चं असू द्या.

उन्हाळ्यात मशीन दुपारी हळू होतं. हे खरं आहे?

खरं आहे. प्रोसेसर ठरलेल्या तापमानाला पोचला की स्वतःचा वेग उतरवतो. स्पेकशीटमध्ये खोलीच्या तापमानाची मर्यादा बहुधा ३५ किंवा ४० अंश असते. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत ती सहज ओलांडली जाते. २८ वॉटचा आय७ तिथे त्याचा टर्बो फार वेळ टिकवू शकत नाही, म्हणजे जास्तीचे पैसे दुपारी वाया जातात. मॉनिटरच्या मागे मशीन लावायचं असेल तर भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा, आणि जाळी वर्षातून दोनदा ब्रशने साफ करा.

अपडेट थांबण्याच्या तारखेचा प्रोसेसरशी काय संबंध?

जवळचा आहे, कारण ती तारीख मॉडेलच्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे त्यातल्या प्रोसेसरच्या पिढीवर आणि बोर्डवर, ठरते, तुम्ही कधी विकत घेतलं त्यावर नाही. २०२३ मध्ये गूगलने क्रोमओएसच्या उपकरणांना प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून १० वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. २०२१ आणि नंतरच्या मॉडेलना ते आपोआप मिळतात. पेटीबंद नवं मशीन जुन्या प्लॅटफॉर्मचं असू शकतं, आणि मग दहातली चार वर्षं दुकानातच संपलेली असतात. गूगलच्या ऑटो अपडेटच्या यादीत मॉडेल शोधून तारीख बघा, आणि निदान सहा वर्षं बाकी असल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात उभ्या उभ्या दोन मशीनची तुलना कशी करायची?

दोन्ही गेस्ट मोडमध्ये सुरू करा, म्हणजे कोणाची एक्स्टेंशन आड येणार नाहीत. दोन्हींवर क्रोमची आवृत्ती एकच आहे ना ते सेटिंगमध्ये बघा. वेगळी असेल तर आकड्यांची तुलना फसते. मग ब्राउझरबेंच डॉट ऑर्ग या साइटवरची स्पीडोमीटर ३ ही चाचणी दोन्हींवर चालवा. वेब ॲपमध्ये क्लिक केल्यावर किती चटकन प्रतिसाद येतो ते ती मोजते. आकडा मोठा तितका चांगला. पहिली फेरी सोडून द्या, दुसरी आणि तिसरी धरा. ऑक्टेन नावाची चाचणी जुन्या लेखांत दिसते, ती २०१७ मध्येच निवृत्त झाली आहे, तिचे आकडे मानू नका.

शेवटी तुमची स्वतःची सगळ्यात जड फाइल उघडा: मोठी शीट, नाहीतर दोनशे पानांची स्कॅन केलेली पीडीएफ. खालीवर सरकवा. दोन मशीनमध्ये तुमच्या डोळ्याला फरक दिसला नाही तर स्वस्तातलं घ्या, आणि निघताना गेस्ट मोडमधून बाहेर पडायला विसरू नका, म्हणजे लॉगिन मागे राहणार नाही.